खाद्याच्या पोत्यातला समुद्र

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, मित्रांबरोबर गणपतीपुळ्याला. समुद्रातली वस्तू मात्र त्याच्या कितीतरी आधी हातात आली होती. तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो आणि जागा होती म्हसवडजवळचा आमचा मळा. अंड्यांच्या कोंबड्यांना कॅल्शियम कमी पडलं की अंड्याचं कवच पातळ येतं, अंडी ट्रेमध्येच फुटतात. म्हणून खाद्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतात. त्या चुऱ्यात कधीकधी अख्खा शिंपला निघायचा. मी तो धुऊन कंपासपेटीत ठेवायचो. शाळेत तेव्हा दोन गोट्यांना एक शिंपला असा भाव चालू होता.

शिंपल्याच्या शेजारी दुसरं पोतं असायचं, सुक्या मासळीचं. त्याचा वास शेडच्या वासालाही पुरून उरायचा.

हे शेड आलं २००३ च्या दुष्काळात. माण तालुक्यात वर्षाला कसाबसा पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो, आणि त्या सुमाराला तोही सलग दोन-तीन वर्षं नीट पडला नव्हता. वडिलांनी दोन्ही जर्सी गाई विकल्या आणि विट्याकडच्या एका नातेवाइकाचं बघून पोल्ट्री टाकली. हिशेब सरळ होता. एका गाईला दिवसाला जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात तीनेकशे कोंबड्या भागतात. विटा, खानापूर, आटपाडी या आमच्या शेजारच्या दुष्काळी पट्ट्यात पोल्ट्री वाढली ती याच गणितावर. माझ्या इंजिनीअरिंगची फी त्याच कोंबड्यांनी भरली. मधे २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि राज्यभर अंड्याचे भाव पडले, ते वर्ष सोडलं तर शेडनं आम्हाला कधी दगा दिला नाही.

एकदा मका, सोयाबीनची पेंड, कोंडा असं सगळं अंगणात ओतून वडील खाद्य कालवत होते. आजी शेजारी बसली होती. तिनं मासळीच्या ढिगात हात घातला, मूठभर उचलून ओट्यावर पसरली आणि एकेक निवडायला लागली. करंगळीएवढे बोंबील, नखाएवढे खेकडे, कसल्या कसल्या माशांची नाण्याएवढी पिल्लं. म्हणाली, "आरं, ही तर आमी खायचो की." मग एक बोंबील उजेडात धरून म्हणाली, "पर ह्यो बोंबील न्हाय. बोंबलाचं पोर हाय ह्ये."

वडील हसले. मीही हसलो. पुढं पंधरा-सोळा वर्षं ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली होती. ती परत कशी आली, ते नंतर सांगतो.

आधी बोंबील म्हसवडला पोचला कसा ते बघू. आमच्या गावाचं भूगोलाशी एक विचित्र नातं आहे. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, म्हसवडवरून पूर्वेला जाते, पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्याकडं पडलेलं पाणी (पडलंच तर) पार आंध्राच्या किनाऱ्याला जातं. मासळी मात्र येते उलट बाजूनं, सह्याद्री चढून, अरबी समुद्रातून. सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला येणारी वाट जुनी. मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून देशावर यायची आणि परतीला धान्य, गूळ, मिरची खाली जायची. घाटात गाडीरस्ते झाले आणि पुढं रेल्वे आली, तसा मुंबईकडचा मालही पुण्यावरून उतरायला लागला.

या सगळ्या मासळीत बोंबलाला एक फायदा होता, आणि तो मला वाचताना फार गमतीचा वाटला. इंग्रजांच्या राज्यात मिठावर कर होता. बाकीचे मासे टिकवायला मीठ लागतं. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या लष्करातला डॉक्टर. माशांच्या नादानं तो पुढं हिंदुस्थानातल्या मत्स्यव्यवसायाचा सरकारी निरीक्षक झाला. त्यानं १८७३ च्या आपल्या अहवालात हाच मुद्दा लावून धरला होता, की मीठ महाग असल्यामुळं किनाऱ्यावरची मासळी नीट खारवता येत नाही. त्यानंतर सरकारनं मासळी खारवण्यापुरतं करमुक्त मीठ देणारी आवारं काढली. बोंबलाला हे काही लागतच नाही. त्याच्या अंगात जवळजवळ सगळं पाणीच. जबड्यात जबडा अडकवून जोडीनं बांबूच्या मांडवावर टांगला की नुसत्या उन्हावाऱ्यावर तो वाळतो. जवळा, म्हणजे आमच्याकडं जिला सुकट म्हणतात ती बारीक कोळंबी, तीही तशीच नुसती पसरून वाळवतात. मीठ नाही, म्हणजे मिठाचा करही नाही. कोरड्या मुलखातल्या गरिबाच्या भाकरीवर सुकट-बोंबील आले, त्यात चवीइतकाच या स्वस्ताईचा वाटा असणार असं मला वाटतं. आजी सांगते, सुगीत शेतावर जायचं तर फडक्यात बाजरीची भाकरी, कांदा आणि भाजलेलं सुकट. मटण जत्रेला. सिद्धनाथाचा रथ निघाला की यात्रेच्या बाजारात वर्षभराचं सुकट भरून ठेवायचं.

बोंबील हा तसा हट्टी मासा. तो सगळीकडं मिळत नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून पालघर, वसई, मुंबई, रायगडपर्यंत तो भरपूर, आणि रत्नागिरीच्या खाली गेलं की जवळजवळ संपतो. जिथं भरती-ओहोटीचा ओढा जोराचा आणि पाणी गढूळ, तिथं तो रमतो. तिथल्या कोळ्यांनी त्याच ओढ्याचा उपयोग करून डोल जाळं बसवलं. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, त्यांना लांबलचक पिशवीसारखं जाळं बांधायचं, तोंड प्रवाहाकडं. पाणी जाळ्यातून वाहत जातं, मासळी शेपटीत अडकते. होडी माशांच्या मागं धावत नाही, मासेच ओढ्याबरोबर जाळ्यात येतात.

आता इथं 'जुनं ते सगळं निसर्गाशी मिळतंजुळतं' असं लिहून टाकायचा मोह होतो. ते खरं नाही. डोलाच्या शेपटीचे आस जवळा धरण्याइतके बारीक असतात, म्हणजे त्यात इतर माशांची पिल्लंही येणारच. तेव्हा समुद्र निभावला, त्याची कारणं साधी होती. जाळी तागाची होती, ती कुजायची, सतत दुरुस्त करावी लागायची. होडी शिडाची किंवा वल्ह्याची, म्हणजे ठरावीक अंतरापलीकडं जाणं नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर. आणि बर्फ नव्हता, म्हणून वाळवता येईल तेवढंच पकडण्यात अर्थ होता. या मर्यादा कुणी कायद्यानं घातल्या नव्हत्या. त्या एकेक करून उठल्या, आणि तोच पुढचा इतिहास आहे.

पहिला प्रयत्न फसला. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारनं 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेवर चालणारा ट्रॉलर आणून मुंबईच्या समुद्रात तळ खरवडून पाहिला. मासळी मिळाली, पण खर्चाचा मेळ बसला नाही आणि प्रयोग गुंडाळला. पुढं १९४६ मध्ये केंद्र सरकारनं मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र काढलं, त्याचंच आज भारतीय मत्स्य सर्वेक्षण झालं आहे. पन्नाशीत कोळ्यांच्या होड्यांना इंजिनं बसू लागली. साठीत नायलॉन आलं. नायलॉन कुजत नाही, हलकं असतं, पाण्यात दिसत नाही. मग बर्फाचे कारखाने आले. आणि अमेरिका-जपानला गोठवलेली कोळंबी जायला लागली, तेव्हा ट्रॉलरचा जो हिशेब १९२२ मध्ये जुळला नव्हता, तो एकदम जुळला.

कोळंबी तळाशी राहते. ट्रॉल हे तळावरून ओढत न्यायचं जाळं. ते कोळंबी निवडून घेत नाही, वाटेतलं सगळं घेतं. एक किलो कोळंबीमागं कित्येक किलो इतर जीव येतात: माशांची पिल्लं, खेकडे, शिंपले, तारामासे, समुद्रसाप. शिवाय जाळं ओढताना तिरके आस ताणले जाऊन मिटतात. कागदावर आस मोठा असला, तरी पाण्यात तो बंद असतो. म्हणून शास्त्रज्ञ जाळ्याच्या शेपटीला चौकोनी आस लावा असं सांगत आले आहेत. चौकोनी आस ताण आला तरी उघडे राहतात, पिल्लं निसटतात. इतका छोटा बदल आहे हा. पण निसटलेल्या पिल्लाचे पैसे आज बोटवाल्याला मिळत नाहीत आणि दोन वर्षांनी ते मोठं झालं की कुणा दुसऱ्याच्याच जाळ्यात जाणार, मग त्यानं ते का करावं?

सुरुवातीला हा नको असलेला माल समुद्रातच फेकायचे, मेलेला. बर्फाची जागा कोळंबीसाठी राखलेली असायची. मग त्यालाही गिऱ्हाईक मिळालं. तसं मासळी जमिनीत घालणं नवं नव्हतं. पश्चिम किनाऱ्यावर तारली मासा नारळाच्या बागांना खत म्हणून जुन्या काळापासून जातो. तारली एकदा इतकी घटली, की १९४३ मध्ये मद्रास सरकारला तिची पिल्लं पकडण्यावर निर्बंध घालावे लागले. पण पोल्ट्री आणि मत्स्यशेतीच्या खाद्याची भूक खताच्या तुलनेत कितीतरी मोठी. बारीकसारीक मिसळ मासळी, जिला किनाऱ्यावर कुटा म्हणतात, ती वाळवून किंवा कारखान्यात दळून पोत्यात भरली जाऊ लागली. फेकायच्या वस्तूला भाव आला, आणि एकदा भाव आल्यावर ती चुकून सापडलेली राहिली नाही. ती बोटीच्या डिझेलच्या हिशेबात धरली जाऊ लागली.

यातलंच एक पोतं आमच्या अंगणात आलं होतं.

किनाऱ्यावरच्या लोकांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. उलट सगळ्यात आधी त्यांनाच कळलं. गोव्यात सत्तरीच्या दशकात किनाऱ्यावरून रापण ओढणारे मच्छीमार आणि ट्रॉलरवाले यांच्यात उघड संघर्ष झाला. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार संघटित झाले, मोर्चे-उपोषणं झाली. किनाऱ्याजवळचं पाणी लहान मच्छीमारांना राखून ठेवा, एवढीच मागणी. देशात इतर किनाऱ्यांवरही हेच चाललं होतं. केंद्रानं नमुना कायदा करून राज्यांकडं पाठवला, आणि १९८० मध्ये गोवा व केरळ आणि १९८१ मध्ये महाराष्ट्र असे सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. म्हणजे आपल्याकडचा कायदा प्रयोगशाळेतून आला नाही, वाळूवरच्या भांडणातून आला.

कायदा आला आणि मागोमाग पर्ससीन आलं. हे वरच्या थरातले थवे घेरायचं प्रचंड जाळं. बांगडा किंवा तारलीचा थवा दिसला की त्याच्याभोवती वेढा टाकायचा आणि खालून दोरी ओढून बटव्यासारखं तोंड आवळायचं. रापणकार दिवसभर ओढून जे मिळवणार, ते एका वेढ्यात. मालवणकडच्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केल्यावर आणि सोमवंशी समितीचा अहवाल आल्यावर राज्य सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्यानं १८२ वर आणायचे आणि मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबरच करायची. २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर देशभर बंदी आली. २०२१ मध्ये राज्यानं दंड वाढवले. अंमलबजावणीबद्दल मालवणात कुणालाही विचारा, तासभर मोकळा ठेवून विचारा.

आकड्यांचं काय? मी आकड्यांचा माणूस, म्हणून आधी तेच शोधले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. पण एका बिंदूवरून रेघ ओढायची नसते. ते वर्ष वादळांचंही होतं, वायू, क्यार, महा, कितीतरी दिवस बोटी बंदरातच होत्या. नंतर आकडा सावरलाही. मला खटकलं ते वेगळंच. टन हे वजन आहे. एक टन म्हणजे पूर्ण वाढलेले, एकदा तरी अंडी घातलेले मासे, का दहापट संख्येची पिल्लं, हे वजन सांगत नाही. एकूण टन तेवढेच राहून आतून समुद्र रिकामा होत जाऊ शकतो. आमच्या भाषेत, चुकीच्या मेट्रिकवर डॅशबोर्ड हिरवा दिसत राहतो.

लांबी बघायला हवी, हे अखेर सरकारनंही मान्य केलं. केरळनं आधी केलं होतं, २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०, घोळ ७००, बोंबील १८०. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा घोषित केलं. सातपाटीचे मच्छीमार पापलेटच्या पिल्लांसाठी कधीपासून ओरडत होते.

आता ती राहिलेली गोष्ट. २०२१ मध्ये माझ्या पहिल्या नोकरीत मला एका खाद्य बनवणाऱ्या ग्राहकाचं काम मिळालं. सर्वांत स्वस्त मिश्रण काढणारा प्रोग्रॅम. कोंबडीला इतकी प्रथिनं हवीत, इतकं लायसीन, इतकं मिथिओनीन, इतकं कॅल्शियम. प्रत्येक कच्च्या मालात काय किती आहे आणि आजचा दर काय, हे टेबलात भरायचं. मग लिनिअर प्रोग्रॅमिंग सगळ्या अटी पाळून कमीत कमी खर्चाचं उत्तर देतं. सुंदर गणित आहे, मला ते कॉलेजातही आवडायचं. त्या वर्षी सोयाबीनच्या पेंडीचे दर आकाशाला भिडले होते. इतके, की ऑगस्टमध्ये केंद्रानं बाहेरून पेंड आणायला परवानगी दिली. मी चाचणीसाठी रोजचे दर टाकत होतो, आणि पेंडीचा दर चढेल तसा प्रोग्रॅम मासळीच्या भुकटीचं प्रमाण वाढवत नेत होता, मी घातलेल्या कमाल मर्यादेला टेकेपर्यंत. चूक काहीच नव्हती. त्याला सांगितलं होतं तेच तो करत होता. मासळीच्या ओळीत दर होता, प्रथिनं होती, राखेचं प्रमाण होतं. मासा किती लांब होता, हा रकाना नव्हता, कारण तो मी ठेवलाच नव्हता, आणि मला कुणी मागितलाही नव्हता.

तेव्हा ओट्यावर बोंबील निवडणारी आजी आठवली. मी टीम लीडला म्हणालो, यात एक रकाना वाढवता येईल का, माल कुठून आला, कसला आहे. तो म्हणाला, ग्राहकाच्या कागदात आहे का? नव्हतं. विषय संपला. मीही ताणला नाही, प्रोबेशनवर होतो.

त्याच पेंडीच्या दरानं आमचं शेडही बसलं. खाद्याचा खर्च अंड्याच्या भावाच्या वर गेला, वडिलांनी सहा महिने ओढलं आणि कोंबड्या विकून टाकल्या. घरात बसून मोबाइलवर भाव बघत ते म्हणायचे, मासळी जरा वाढवली असती तर निभावलं असतं. त्यांच्या या वाक्यावर मला आजही उत्तर देता येत नाही. माझ्या डिग्रीतल्या कितीतरी सेमिस्टर त्या पोत्यातून आल्या आहेत, आणि हा लेख मी त्याच डिग्रीच्या पगारावर घेतलेल्या लॅपटॉपवर लिहितो आहे.

गेल्या यात्रेला गावी गेलो, तेव्हा बाजारात सुकटवालीच्या पालापाशी थांबलो. ढिगातला एक बोंबील उचलला आणि हाताच्या वितीवर धरला. १८० मिलिमीटर म्हणजे माझ्या वितीपेक्षा थोडं कमी. बोंबील अर्ध्या वितीवर संपला. मग लक्षात आलं की नियम ताज्या माशाचा आहे, वाळल्यावर तो आक्रसतो, तेव्हा याच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तरी मी दुसरा उचलला, तिसरा उचलला. बाई वैतागली. "मोजून खाणार हायस व्हय? घ्यायचं तर घे, न्हायतर सर मागं." मी पावशेर घेतले.

घरी आजीनं पुडी सोडली. आता तिला नीट दिसत नाही, बोटांनी चाचपत तिनं चार-पाच बोंबील बाजूला काढले, तव्यावर टाकायला. बाकीचे परत कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले.

"ही पोरं हायती. कोंबड्यास्नी टाक जा."

मी म्हणालो, "आजी, कोंबड्या विकून चार वर्षं झाली."

"व्हय का," म्हणाली, आणि पुडी परत मागून घेतली.